फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात नैराश्याचा उपचार: गोळी लिहून दिल्यावर पुढे काय?

कडुलिंब

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. नैराश्यावर इथे बरेच धागे झालेत, पण ते बहुतेक ‘ओळखायचं कसं’ आणि ‘मन मोकळं करा’ याभोवतीच फिरतात. मला बोलायचंय ते निदान झाल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांबद्दल. पेशंट हातचा जातो तो तिथे.

‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत आमच्याकडे कुणी येत नाही. अंग मोडून आलंय, डोकं जड आहे, अन्न जात नाही, पहाटे तीनला जाग येते, ‘एक ताकदीची सलाईन लावा डॉक्टर’. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून झाली की मग हळूच घरचं विचारायचं. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांची यादी असते. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं ते विचारायचं, गुण ० ते २७. दहा किंवा त्यापुढे गेलं की नीट लक्ष घालायचं. इथवर अवघड काही नाही. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम ही नैराश्याची गोळी लिहून देणंही अवघड नाही.

अडतं पुढे. या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात, कधी त्याहून जास्त. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतं. पेशंटच्या बाजूने बघा: पैसे मोजून त्रास विकत घेतला! तो गोळी बंद करतो आणि डॉक्टर रागावतील म्हणून सांगायलाही येत नाही. महिन्याभराने बघावं तर मेडिकलमधून झोपेची गोळी आणून दिवस काढतोय, नाहीतर दुसरीकडे सलाईन लावून घेतोय. साठ-सत्तर पेशंटच्या ओपीडीत जो येतो तो दिसतो. जो यायचा थांबला, तो कुणाला दिसणार?

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात वेन केटन आणि युर्गेन उन्युत्झर या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी ही फट बुजवायची पद्धत बसवली. फॅमिली डॉक्टर औषध देतो. त्याच्याच दवाखान्यातली एक प्रशिक्षित व्यक्ती, बहुधा नर्स, सगळ्या नैराश्याच्या पेशंटची एक यादी ठेवते, ठरल्या दिवशी फोन करते, पुन्हा गुण मोजते, बोलून आधार देते. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्येक पेशंटला भेटत नाही. तो ठराविक दिवशी ती यादी घेऊन बसतो आणि ज्यांचे गुण हलले नाहीत त्यांच्याबद्दल डॉक्टरला सुचवतो: डोस वाढवा, गोळी बदला, याला माझ्याकडे पाठवा. २००२ साली त्यांचा ‘इम्पॅक्ट’ अभ्यास आला. साठीच्या पुढचे १८०१ पेशंट, १८ दवाखाने. वर्षअखेर या पद्धतीतल्या ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याखाली आली होती, नेहमीच्या उपचारात १९ टक्के.

आपल्याकडच्या खाजगी दवाखान्यात हे होईल का? जाणकारांनी लिहावं. ‘योगा करा’ हे माहीत आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

दुपारची झोप

डॉक्टर, फॅमिली डॉक्टर ही जमातच संपत आली, तुम्ही कुठल्या काळात आहात? आमच्या पिंपरीत डॉक्टर मान वर न करता गोळ्या लिहितात. त्यात नऊ प्रश्न विचारणार कोण?

शेवंती

होईल की नाही ते सांगता येणार नाही, पण व्हायला हवं हे नक्की सांगते.

बाबा गेल्यानंतर आईचं खाणं-बोलणं कमी झालं. आधीच मधुमेह. साखर वर गेली म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी बरोबर ओळखलं आणि गोळी सुरू केली. आठवड्यात आईला मळमळायला लागलं. मावशी म्हणाली, ‘या गोळ्यांची सवय लागते, माणूस गुंगीत राहतो’. आईने पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात टाकलं. मी पुण्यात. फोनवर विचारलं की ‘घेते गं’. दिवाळीला गेले तेव्हा कळलं. डॉक्टरांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्या मधल्या काळात दवाखान्यातून एकदा जरी कुणी विचारलं असतं, ‘काकू, मळमळ होतेय का? होते, आठ दिवसांत कमी होईल, जेवणानंतर घ्या’, तर आईने ऐकलं असतं. माझं ऐकत नाही, दवाखान्यातल्या माणसाचं ऐकते.

मांडवीकाठ

कडुलिंब, सिएटलला कशाला जाता, आमचं गोंय जवळ आहे की!

मानसिक आरोग्यात काम करणारी ‘संगत’ ही संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांनी इथेच ‘मानस’ नावाचा मोठा प्रयोग केला, २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी जीपींचे, म्हणजे फॅमिली डॉक्टरांचे, दवाखाने. निम्म्या ठिकाणी समुपदेशक बसवल्या. नर्सही नव्हत्या त्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या इथल्याच बायका, शिकवून तयार केलेल्या. त्या पेशंटची चाचणी घ्यायच्या, समजावून सांगायच्या, लागेल तसं बोलून उपचार करायच्या, न येणाऱ्याच्या मागे लागायच्या. गोळी डॉक्टरने द्यायची, मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून येणार.

सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले ६५.९ टक्के. जिथे समुपदेशक नव्हत्या तिथे ४२.५.

पुढे २०१७ मध्ये त्याच लोकांचा आणखी एक अभ्यास आला. दहा आरोग्य केंद्रांतले ४९५ लोक, जरा तीव्र नैराश्य असलेले. सहा ते आठ बैठका, आणि त्यात मुख्य काम एकच: माणसाला परत हालचालीला लावायचं. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. मासळीबाजार सोडतो, चर्चमध्ये मिसाला जाणं सोडतो, भजनाला बसणं सोडतो, आणि सोडल्यामुळे आणखी खचतो. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून ठरवते की या आठवड्यात कुठली एक गोष्ट परत धरायची. पुढच्या वेळी विचारते, झालं का, नाही तर कुठे अडलं. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, नुसत्या नेहमीच्या उपचारात ३९.

दुपारची झोप

मांडवीकाठ, खाजगी दवाखान्यांचा आकडा सोयीस्कररीत्या गाळलात. मी आत्ताच बघितला. समुपदेशक होत्या तिथे ६४.१ टक्के बरे झाले आणि नव्हत्या तिथे ६५.९. म्हणजे कडुलिंब विचारताहेत त्याच प्रकारच्या दवाखान्यात या सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. धागा बंद करायचा का?

मांडवीकाठ

गाळला नाही हो, त्यावर वेगळं लिहिणार होतो. आता तुम्हीच लिहिलंत.

माझं वाचन असं. खाजगी जीपीकडे बाहेरचा माणूस न बसवताच तितके लोक बरे झाले जितके सरकारीत बसवल्यावर झाले. माझ्या आईवडिलांच्या पिढीत म्हापशाचा डॉक्टर म्हणजे घरातल्या तिन्ही पिढ्या ओळखणारा. घोव (नवरा) दर्यावर आहे की परत आला, पोराने जमीन विकली का, हे त्याला न सांगता ठाऊक. तो दोन मिनिटं जास्त बोलतो, पैसे घेतो म्हणून पेशंटही परत येतो. समुपदेशकाचं अर्धं काम तिथे आधीच होत होतं.

पाचवा डबा

मी मानसोपचारतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणी. वरच्या आकड्यांवर थोडं.

गोव्याच्या ‘मानस’ अभ्यासात नैराश्याबरोबर चिंतेचे विकारही धरलेले होते, आणि सौम्य रुग्णही होते. सौम्य रुग्णांतले पुष्कळ जण काळानुसार, थोड्या आधाराने सुधारतात. त्यामुळे चांगल्या खाजगी दवाखान्यात ६६ टक्के बरे झाले यात मला नवल वाटत नाही. पण उरलेले एक तृतीयांश? दोन्हीकडे तेवढेच राहिले. यादी ठेवायची ती त्यांच्यासाठी.

छोट्या खाजगी दवाखान्यांचाच हिशेब हवा असेल तर जर्मनीचा ‘प्रॉम्प्ट’ अभ्यास बघा, २००९ चा. ७४ लहान दवाखाने, तीव्र नैराश्याचे ६२६ पेशंट. तिथे डॉक्टरच्या हाताखालच्या मदतनीस असतात, रक्त काढतात, कागदपत्रं बघतात. त्यांनाच शिकवलं. पहिल्या महिन्यात दोन फोन, मग महिन्याला एक, वर्षभर. ठरलेले प्रश्न विचारायचे, उत्तर डॉक्टरच्या टेबलावर ठेवायचं. वर्षअखेर पीएचक्यू-९ सरासरी १०.७ विरुद्ध १२.१. फरक लहान आहे, मी फुगवून सांगणार नाही. पण नवा पगार नाही, नवी खोली नाही, फक्त फोन. एवढ्या भांडवलावर हा फरक मला पुरेसा वाटतो.

माझ्या ओपीडीत जे येतात त्यातल्या कितीतरी जणांना मी लागतच नव्हतो. पहिली गोळी पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे कुणी घेऊच दिली नाही, एवढंच झालेलं असतं. दहा दिवस ही, पंधरा दिवस ती, मध्ये झोपेसाठी अल्प्राझोलाम. ती अल्प्राझोलाम सोडवण्यातच माझे दोन महिने जातात. शेवंतीताई, तुमच्या मावशी ज्या सवयीबद्दल बोलतात ती या झोपेच्या गोळ्यांची. नैराश्याच्या गोळीची तशी चटक लागत नाही. पण ती एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात झिणझिण्या असा त्रास होऊ शकतो, म्हणून हळूहळू कमी करायची. आणि बरं वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची. ‘बरं वाटतंय, मग कशाला’ इथे दुसरी गळती होते.

शेवंती

धन्यवाद डॉक्टर. आई आता घेते आहे. मधुमेहाच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाई साखरेचे आकडे विचारायला फोन करतात, त्यांनाच मी विनंती केली की हेही विचारा. साखर आणि मन, दोन्ही एकाच फोनवर.

पाचवा डबा

बरोब्बर हेच आपल्या देशात करून बघितलंय, ताई. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथले मधुमेहाचे चार दवाखाने, नैराश्य आणि मधुमेह दोन्ही असलेले ४०४ लोक, २०२० मध्ये निष्कर्ष आले. डॉक्टर नसलेले समन्वयक, हाताशी एक संगणकीय यादी आणि पाठीशी तज्ज्ञ. दोन वर्षांनी नैराश्य निम्म्याने कमी आणि शिवाय साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यातलं निदान एक सुधारलेलं, असे ७१.६ टक्के. दुसऱ्या गटात ५७.४. खचलेला माणूस पथ्य पाळत नाही, चालायला जात नाही, इन्सुलिन चुकवतो. मधुमेहाच्या डॉक्टरांना हे कळतं, पण विचारायला वेळ नसतो.

हिमवाट

मिनेसोटातून. मी इथे हेच काम करते, पेशानं समाजसेविका, फॅमिली क्लिनिकमध्ये बसते. आमच्या राज्यात २००८ पासून ‘डायमंड’ नावाने ही पद्धत बऱ्याच दवाखान्यांत चालू झाली.

पैशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. इथेही वर्षानुवर्षं अडलं ते पैशावर. अभ्यास संपला, अनुदान संपलं, की फोन करणारी व्यक्ती गेली. डॉक्टर तपासतो त्याचे पैसे मिळायचे, फोनचे कोण देणार? २०१७ पासून मेडिकेअरने, म्हणजे इथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने, महिन्याच्या हिशेबाने या कामाचे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा जरा श्वास घेता आला. अजूनही कितीतरी दवाखाने करत नाहीत, कारण हिशेबाची कटकट.

माझ्या दिवसाचा बराचसा भाग न उचललेल्या फोनचा असतो. ते जमेत धरूनच वेळ काढा.

दुपारची झोप

अमेरिकेत मेडिकेअर, गोव्यात संस्था, जर्मनीत विमा. आमच्याकडे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की विम्याने मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायचा. पण विमा मिळतो दाखल झाल्यावर. ओपीडीतल्या फोनचे कुठली कंपनी देणार?

आणि त्याहून मोठा मुद्दा. तालुक्याच्या गावात दवाखान्यातली सिस्टर म्हणजे कुणाची तरी नणंद, कुणाची तरी शेजारीण. ती फोन करणार, ‘काय हो, उदास वाटतंय का अजून?’ संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत बातमी. मुलीचं लग्न ठरायचंय अशा घरात कुणी दुसऱ्यांदा पाऊल ठेवेल का तुमच्याकडे?

कडुलिंब

सलाम! इतके दिवस तिरकस प्रतिसाद देत होतात, हा मात्र वर्मावर आहे.

यावर मी आमच्या सिस्टरशी आणि दोन जुन्या पेशंटशी बोललो. निघालेलं असं: फोन कुणाच्या नंबरवर करायचा हे पहिल्याच दिवशी पेशंटला विचारून कार्डावर लिहायचं. आमच्याकडे बऱ्याच बायकांच्या केसपेपरवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर असतो. दुसऱ्याने उचलला तर ‘दवाखान्यातून बोलतेय, तपासणीची तारीख आहे’ एवढंच. आजाराचं नाव फोनवर घ्यायचंच नाही. वहीत नाव नाही, केसपेपरचा नंबर. वही माझ्या खणात. आणि नको म्हणणाऱ्याला फोन नाही, त्याला तारीख देऊन बोलवायचं आणि आला नाही तर मीच बघायचं. सिस्टरने स्वतः सुचवलं की जे तिच्या नात्यातले आहेत ते तिला नकोत.

गावात कुणाचं काय आहे हे सिस्टरला आत्ताही ठाऊक असतं, हे विसरू नका. गुप्तरोगाचे, गर्भपाताचे, टीबीचे कागद तिच्याच हातून जातात. तिथे विश्वास ठेवतो तसा इथेही ठेवता येईल, पण नियम आधी घालून.

पैशाचं: सध्या मी कुणाकडून मागत नाही. दुपारी दीड ते चार दवाखाना रिकामाच असतो. आठवड्यातली एक दुपार तिला या कामाची, त्याचे वेगळे पैसे माझ्याकडून. मोठ्या प्रमाणावर हे चालणार नाही, मान्य.

वऱ्हाडी ठेचा

मी अमरावतीकडली, आशाताईंची गटप्रवर्तक. तुम्ही सगळे, पेशंट दवाखान्यात आला असं धरूनच बोलून राहिले. येतो कुठं? बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या शंभरातले ८५ उपचाराविना निघाले होते.

आमच्या जिल्ह्यात ‘विश्राम’ म्हणून काम झालं, तीस गावांत. गावातलाच शिकवलेला माणूस घरोघरी, पारावर, बचतगटात बोलायचा, पहिला आधार द्यायचा. त्याच्यावर समुपदेशक, त्याच्यावर डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे ४.३ टक्के होते ते दीड वर्षात २७.२ वर गेले. कापसाचा भाव पडला, बोंडअळी आली, बँकेची नोटीस आली, तं माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही. त्याच्याकडं कुणीतरी जावं लागते. आणि खरं सांगू का, कर्ज गोळीनं फिटत नाही, हे आमाले लोक तोंडावर ऐकवतात. त्याच्यावर आमच्यापाशी उत्तर नसते. तेव्हा आम्ही कागदाचंही काम करतो, बँकेत सोबत जातो. त्यानंही माणूस बोलता होते.

मात्र आशाताईंच्या डोक्यावर आधीच लसीकरण, बाळंतपण, टीबी, क्षय, कुष्ठरोग, सर्व्हे. आणखी एक रजिस्टर नका देऊ, देलं तं पैसे द्या.

दुपारची झोप

टीबी आणि क्षय एकच, ताई. बाकी प्रतिसाद आवडला.

वऱ्हाडी ठेचा

एकच आहे, पण रजिस्टर दोन आहेत! 😄

पाचवा डबा

कडुलिंब, सुरू करण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्या, कारण हे सगळं चांगलं दिसतं आणि नको त्या पेशंटला दवाखान्यातच अडकवून ठेवतं.

आधी कधी झोप न घेताही उत्साह, वारेमाप खर्च, बडबड असा काळ येऊन गेलाय का ते विचारल्याशिवाय नैराश्याची गोळी लिहायची नाही. तो द्विध्रुवी आजार असू शकतो आणि नुसत्या या गोळीने उलटा भडकतो. भास, संशय, खाणंपिणंच सोडलेला, बाळंतपणानंतर महिन्या-दोन महिन्यांत बिघडलेली बाई, दारूत बुडालेला: हे माझ्याकडे. वयस्कर माणूस रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर नैराश्याची गोळी सुरू केल्यावर सोडियम बघा, गोंधळल्यासारखा वागू लागला तर लगेच बघा. पुरेसा डोस सहा-आठ आठवडे होऊनही गुण निम्म्यावर आले नाहीत तर तेच पुढे रेटायचं नाही.

तुमच्या भागात कितीतरी फॅमिली डॉक्टर बीएएमएस, बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथीचे आहेत. माझ्याकडे असे तिघे पेशंट पाठवतात. नऊ प्रश्न ते विचारतात, पाठपुरावा ते करतात, चिठ्ठी माझी. उत्तम चालतं.

आणि नववा प्रश्न. जगावंसं वाटत नाही किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. तो गाळणारे सापडतात, ‘विचारून डोक्यात घालायला नको’ म्हणून. विचारल्याने विचार येत नाही, उलट सांगायला वाट मिळते. सिस्टरला ‘हो’ असं उत्तर आलं तर तिने फोन ठेवायचा नाही, दुसऱ्या हाताने तुम्हाला बोलवायचं. तुम्ही नसाल तर माझा नंबर, आणि रात्रीबेरात्री पेशंटला स्वतःला लागेल म्हणून कार्डावर १४४१६ छापा. तो टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तातडीचा धोका दिसला तर फोनवर अवलंबून राहायचं नाही, घरच्या माणसाला सोबत बसवून सरळ रुग्णालय.

हिमवाट

+१. आमच्याकडे त्या उत्तराला काय करायचं याचा कागद फोनच्या शेजारीच चिकटवलेला असतो. आयत्या वेळी आठवत नाही.

शेवंती

फोनवर नेमकं काय बोलायचं हे कुणी मराठीत लिहून द्याल का? आईच्या आहारतज्ज्ञ बाईंना द्यायचंय.

कडुलिंब

सिस्टरबरोबर बसून केलंय, अजून कच्चं आहे:

‘नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय. आत्ता बोलायला मोकळं आहे का, की नंतर करू? नवीन गोळी चालू आहे ना? कुठल्या वेळेला घेता? मळमळ, डोकं दुखणं, पोट, काही त्रास? झोप कशी आहे? मागच्या वेळी आपण ठरवलं होतं की रोज संध्याकाळी देवळापर्यंत जायचं, जमलं का? नाही जमलं तरी चालेल, कशामुळे राहिलं? आता ते नऊ प्रश्न परत विचारते, घाई नाही.’ शेवटी पुढच्या फोनचा दिवस. ‘गोळी का नाही घेतली’ हे वाक्य आम्ही काढून टाकलं. ‘किती राहिल्या पाकिटात?’ असं विचारलं की खरं उत्तर येतं.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, बरं वाटल्यावर महिन्याने. दुपारी दोन ते चार.

वऱ्हाडी ठेचा

दुपारी दोन ते चार कोणी फोन उचलत नाही, डॉक्टर. माणसं वावरात असतात, फोन घरी चार्जिंगला. सोयाबीन काढणीत तं विचारूच नका. रात्री साडेआठच्या नंतर करा, जेवणं होऊन जातात. फक्त बाईमाणसाला त्या वेळी घरात सगळे असतात, मोकळं बोलता येत नाही. तिला सकाळी अकराला, पोरं शाळेत गेल्यावर.

कडुलिंब

अकराला आमची ओपीडी भरलेली असते. सिस्टरला विचारतो, अर्धा तास काढता येतो का.